भीतीचा मांडव

या महिन्याचं वाचकांच्या प्रश्नांचं सदर भयरसिकांचं आहे. इंदूरमधल्या वाचकांची पत्रं कोजागरीच्या गच्चीपासून डिसेंबरच्या आनंदमेळ्यापर्यंत सगळीकडची आहेत. भरताने आठ रसांत भयानकाला मानाची जागा दिली, त्याचा रंग काळा आणि देवता काल सांगितली. घाबरून घेण्याची हौस आपल्याकडे तेवढी जुनी आहे. पत्रं लांब होती, त्यांतला प्रश्नाचा गाभा तेवढा इथे ठेवला आहे.

प्रश्न : आनंदमेळ्यात यंदा खाण्याच्या स्टॉलांबरोबर भूतबंगला करायचा आहे. 30 बाय 20 फुटांची खोली मिळाली आहे. पुढच्या 20 फुटी भिंतीला दोन टोकांना दोन दारं आहेत आणि मागच्या भिंतीत एक, पण त्याला कुलूप आहे. बजेट बेताचं. सुरुवात कुठून करावी?
– तरुणांचा एक गट, लोकमान्यनगर

उत्तर : मागच्या दाराचं कुलूप काढण्यापासून. ते दार मेळा संपेपर्यंत आतून ढकललं की उघडेल असं राहिलं पाहिजे. नाही उघडलं तर दुसरी खोली शोधा. 9 जून 1979 ला सिडनीच्या लूना पार्कमधल्या भुताच्या गाडीला आग लागून 7 जण गेले, त्यांत 6 मुलं होती. 11 मे 1984 ला अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका करमणूक उद्यानातल्या भुताच्या किल्ल्यात 8 तरुण मुलं गेली. भूतबंगल्यात माणसाला अंधार, वळणं आणि गोंगाट मुद्दाम दिलेला असतो, त्यामुळे खरी आग लागली तरी आतल्यांना तो खेळच वाटतो. म्हणून तिकडच्या नियमांत पुढे असं आलं की धूर लागताच भीतीचे आवाज आपोआप बंद व्हावेत आणि लख्ख दिवे लागावेत. तुमच्याकडे हे काम एका माणसाने करायचं. प्रवेशदाराशी एकच बोर्ड ठेवा. त्यावर दोन मोठे स्विच : एकाने सगळा आवाज, धूर आणि रंगीत दिवे बंद, दुसऱ्याने खोलीचे पांढरे दिवे चालू. त्या बोर्डाजवळ बसणाऱ्याने तिकिटं फाडायची नाहीत, फोनही बघायचा नाही.

आता नकाशा. 20 फुटांच्या रुंदीत 4 फुटांच्या चार गल्ल्या काढा, म्हणजे 16 फूट झाले. उरलेल्या 4 फुटांत तीन पडद्या येतात. प्रत्येक पडदी दुहेरी कापडाची करा, मध्ये साधारण 16 इंच पोकळी राहील. या पोकळीत तुमची भुतं उभी राहतील. तिथे उभं राहून पाठोपाठच्या दोन्ही गल्ल्यांत हात घालता येतो, म्हणजे एक माणूस दोन माणसांचं काम करतो. गल्ल्या 26 फूट लांब ठेवा, टोकाला वळायला 4 फूट. वळणं धरून एकूण वाट सुमारे 120 फुटांची होते. चार ही सम संख्या असल्यामुळे आत जायचं आणि बाहेर यायचं दार पुढच्या भिंतीतच येतं, आणि मागचं दार दुसऱ्या टोकाला, नेमकं जिथे हवं तिथे.

पडद्यांची उंची 7 फूट. वर कापडाचं छत घालू नका. अंधार जास्त होईल म्हणून बहुतेकजण घालतात, आणि मग उकाडा, कोंडलेला धूर आणि घेरी येणारी माणसं असं सगळं एकदम येतं. वर उघडं ठेवून खिडक्यांना काळा कागद लावला तर पुरेसा अंधार मिळतो. बल्ल्या आणि कापड टेंट हाउसकडून भाड्याने मिळतं. दुहेरी पडद्या आणि भिंतींचं अस्तर धरून जवळपास 1800 चौरस फूट कापड लागेल. पॉलिस्टरची चकचकीत कनात घेऊ नका, ती पेटली की वितळून अंगावर ठिबकते. सुती काळं कापड घ्या आणि त्याला आगीपासूनचं पाणी द्या : 2 लिटर गरम पाण्यात 200 ग्रॅम टाकणखार आणि 85 ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड पूर्ण विरघळवायचं, कापड त्यात बुडवून हलकं पिळायचं आणि सावलीत वाळवायचं. हातमोजे घालायचे. भाड्याच्या कापडाला हे करता येणार नाही, तेव्हा स्वस्त मांजरपाट विकत घेऊन काळं रंगवणं बरं. वाळल्यावर एक पट्टी बाहेर उघड्यावर नेऊन तिला 12 सेकंद काडी लावून बघा. काडी काढल्यावर ज्योत लगेच विझली तर ठीक, कापड जळत राहिलं तर पुन्हा बुडवा. पावसाने भिजलं किंवा धुतलं की हा गुण जातो. पॉलिस्टरवर तो बसतच नाही.

माणसं आत सोडताना सहा-सहा जणांचा घोळका करा आणि दोन घोळक्यांत 90 सेकंद ठेवा. म्हणजे तासाला 40 घोळके, 240 माणसं. अंधारात लोक सेकंदाला जेमतेम फूटभर चालतात, थांबतात, किंचाळतात. त्यामुळे वाट संपायला तीनेक मिनिटं लागतात आणि आत एका वेळी दोनच घोळके असतात. रांग वाढली की 90 चे 45 करण्याचा मोह होतो. तसं केलं की मागचा घोळका पुढच्याला गाठतो, पुढच्यांच्या किंकाळ्यांवरून पुढे काय आहे ते मागच्यांना कळतं आणि सगळा डाव उघडा पडतो.

दचकवण्याचा एक नियम कधी मोडू नका : दचकवायचं मागून किंवा बाजूने. समोरून दचकवलं की पहिला माणूस मागे वळतो, मागच्यांवर आदळतो आणि अंधारात चेंगराचेंगरी होते. मागून दचकवलं की घोळका पुढे पळतो, म्हणजे वाटही मोकळी होते. पहिल्या गल्लीत काहीच ठेवू नका. ओल्या मातीचा वास, कुठेतरी नळ ठिबकल्याचा आवाज, एवढंच. या रिकाम्या गल्लीला मंडळातला कोणीतरी नक्की विरोध करेल, ‘पैसे घेतले आणि काहीच नाही?’ म्हणेल. ऐकू नका. पुढच्या तीन गल्ल्यांची भीती तिथेच पेरली जाते. दुसऱ्या गल्लीत एखादी गोष्ट नुसती दिसावी, हलू नये. तिसऱ्यात ती हलावी. चौथ्यात पाठलाग, आणि तो दारापाशी संपावा.

बाहेरच्या उन्हातून किंवा मेळ्याच्या झगमगाटातून आलेल्या माणसाला पहिली दोन-तीन मिनिटं आत काहीच दिसत नाही. म्हणून दाराबाहेर मंद निळ्या दिव्याचा आडोसा करून पुढच्या घोळक्याला तिथे उभं करा, डोळे सरावतात. लुकलुकणारा तीव्र झोत टाळा, त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो. हात पोचेल तिथे 230 व्होल्टची वायर नको, 12 व्होल्टच्या एलईडी पट्ट्या वापरा आणि मुख्य लाइनला 30 मिलीअँपिअरचं गळती-संरक्षक यंत्र इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. कोरडा बर्फ या खोलीत आणूच नका : उणे 78 अंशांचा असतो, त्याचा वायू जमिनीलगत साठतो आणि बसून काम करणाऱ्या भुताचाच श्वास आधी कोंडतो. धुराचं मशीन चालेल, पण त्याचं तोंड चालण्याच्या वाटेकडे नको, कारण त्या द्रवाने फरशी निसरडी होते. ऊद, धूप, मेणबत्ती, कापूर : काहीही पेटलेलं आत नको. तिन्ही दारांशी एबीसी पावडरचं एकेक अग्निशामक ठेवा आणि आठवडाभर आधी अग्निशमन दलाला नकाशा दाखवून या.

भुतांनी कोणाला हात लावायचा नाही. कोणी ‘बस’ म्हटलं की जागीच थांबायचं, टॉर्च लावायचा आणि त्या माणसाला जवळच्या फटीतून बाहेर न्यायचं. ही सोय दाराशी आधीच सांगा. बाहेर पडता येतं हे माहीत असलेला माणूस जास्त आत जातो, जास्त घाबरतो आणि दुसऱ्यांदा तिकीट काढतो.

प्रश्न : त्याच भूतबंगल्यासाठी हलणारी बाहुली करायची आहे. कोणती मोटर?
– तोच गट

उत्तर : गाडीच्या वायपरची. अनंत चतुर्दशीच्या मिलच्या झांक्यांमुळे (म्हणजे मिरवणुकीतल्या हलत्या देखाव्यांमुळे) मान डोलवणारे हत्ती आणि हात हलवणारे राक्षस करणारे कारागीर या शहरात पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला अर्धा दिवस बोलवा, चार व्हिडिओ बघण्यापेक्षा ते मोलाचं. भंगार बाजारातली जुनी वायपर मोटर 12 व्होल्टवर मिनिटाला साधारण 40 ते 60 फेरे घेते. भुतासाठी हा वेग जास्त आहे, बाहुली पंखा झाल्यासारखी दिसते. 5 ते 6 व्होल्ट दिले की मान सावकाश वळते, आणि सावकाशच भयंकर वाटतं. पॉवर सप्लाय 10 अँपिअरचा घ्या. हलका घेतला तर सुरू होतानाच्या झटक्यात तो बंद पडतो आणि मोटर खराब आहे असं वाटत राहतं. जोडणीला नायलॉनचं लॉकनट लावा, नाहीतर दोन तासांत सैल होऊन हात गळून पडतो. या मोटरचा जोर बोट मोडण्याइतका असतो, म्हणून बाहुली लोकांपासून तीन फूट दूर आणि आडव्या दांडीपलीकडे.

प्रश्न : रिकाम्या खुर्चीवर हळूहळू माणूस दिसू लागतो आणि विरघळतो, हे काचेने करतात असं वाचलं. घरगुती सामानात जमेल का?
– एक शिक्षक, रामबाग

उत्तर : जमतं, आणि एकदा जमलं की यासारखं दुसरं काही नाही. 24 डिसेंबर 1862 ला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ही किमया लोकांपुढे केली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची. डिस्नेलँडच्या 1969 साली उघडलेल्या भूतमहालात नाचणारी भुतं आजही याच युक्तीने दिसतात.

प्रेक्षक एका खिडकीतून खोलीकडे बघतो. खिडकीमागे पारदर्शक काच 45 अंशांत तिरपी उभी असते. काचेच्या बाजूला, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या कोनाड्यात खरा माणूस असतो. कोनाड्यातला दिवा लागला की त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि तो खोलीतच असल्यासारखा वाटतो. सगळी मदार अंतरावर आहे : माणूस काचेपासून जेवढा लांब, तेवढंच प्रतिबिंब काचेच्या मागे दिसतं. तो 5 फुटांवर असेल तर खुर्चीही काचेमागे 5 फुटांवरच हवी. अर्धा फूट चुकलं तरी भूत खुर्चीतून घसरल्यासारखं दिसतं.

साधी काच तिरप्या कोनात प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा परतवते. म्हणून खोली अगदी मंद आणि कोनाड्यातला माणूस झगझगीत प्रकाशात, असंच ठेवावं लागतं. कपडे फिकट, मागचा पडदा काळ्या मखमलीचा. दिव्याला टिनाची नळी लावून झोत अरुंद करा. तो काचेवर पडला तर काच उघडी पडते. दिवा डिमरने चार-पाच सेकंदांत वाढवा, खटकन लावला तर मजा गेली. 12 व्होल्टची एलईडी पट्टी आणि तिचा डिमर ही सोपी जोडी आहे.

चार बाय तीन फुटांचं 5 मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवा. 3 मिलिमीटरचं घेतलं तर ते वाकतं आणि भूत पाण्यात डोलल्यासारखं दिसतं. जाड काचेत दोन पृष्ठभागांची दोन प्रतिबिंबं पडून कडा दुहेरी होतात. साधी खिडकीची काच गर्दीजवळ नकोच. अ‍ॅक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसू नका, चरे पडतात. ओलं मऊ सुती कापड घ्या. बघायची खिडकी अडीच फुटांपेक्षा रुंद नको, नाहीतर कडेला उभा राहणारा थेट कोनाड्यात डोकावतो. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटं होतं, हे उजव्या हातात काठी द्यायच्या आधी आठवा.

प्रश्न : आम्ही केलेलं रक्त टोमॅटो सॉससारखं दिसतं. जखमाही करायच्या आहेत.
– एक कॉलेज विद्यार्थिनी

उत्तर : केकचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. 3 मोठे चमचे कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा कोको पावडर गुठळी न राहू देता घोटा, मग 1 छोटा चमचा लाल जेल रंग, एक थेंब निळा, आणि शेवटी 200 ग्रॅम ग्लुकोज. नुसता लाल रंग सरबतासारखा दिसतो. कोकोने तो गढूळ होतो आणि निळ्याने जड. कपड्यावरून निघावं म्हणून छोटा चमचा बेबी शाम्पू घालता येतो, पण मग तोंडात घ्यायचं नाही. कुंकू किंवा रांगोळीचा रंग वापरू नका, डोळ्यात गेला तर त्रास होतो. मुंग्या तासाभरात येतात, त्यामुळे फरशीवर हे रक्त सांडायचं नाही. तिथे प्लास्टिकच्या तुकड्यावर ऑइलपेंटने रंगवलेलं थारोळं चिकटवा, कोणी घसरणारही नाही.

बहुतेकांची चूक दिव्यात असते. लाल दिव्यात पांढऱ्या सदऱ्यावरचं रक्त दिसेनासं होतं, कारण तिथे दोन्ही लालच दिसतात. निळ्या दिव्यात ते डांबरासारखं काळं दिसतं. पिवळसर दिवा हवा.

जखमेसाठी दोन चमचे व्हॅसलीनमध्ये कणकेसारखा गोळा होईपर्यंत मैदा मळा, त्वचेवर थापून कडा बोटाने पातळ करा, मधोमध सुरीच्या बोथट पाठीने चीर द्या, चिरेत गडद रंग, भोवती जांभळट. घाम आला की हे सुटतं, दोन तास धरतं. द्रव लेटेक्स जास्त टिकतं, पण आधी 24 तास कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा आणि भुवयांवर कधीच लावू नका.

रक्त किती, हे मात्र विचार करून ठरवा. बीभत्सातून भयानक उपजतो असं नाट्यशास्त्र सांगतं. बीभत्स ही पायरी आहे, त्या पायरीवरच तळ ठोकला की प्रेक्षक नाक मुरडतो आणि घाबरत नाही. एक स्वच्छ पांढरा सदरा आणि त्याच्या कॉलरवर तीन थेंब, एवढ्याने काम होतं.

प्रश्न : रात्री सगळे झोपल्यावर भयपट बघतो. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की दचकवणाऱ्या प्रसंगात आख्खा फ्लॅट उठतो. शिवाय काळोखाच्या दृश्यांत चौकोन-चौकोन दिसतात. टीव्ही बदलू का?
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : टीव्ही बदलू नका, सेटिंग बदला. भयपटाचा आवाज थिएटरसाठी अनेक स्पीकरांवर वाटलेला असतो, संवाद मधल्या स्पीकरला. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर, त्यामुळे संवाद दबतात. ध्वनीच्या मेनूत आणि त्या अ‍ॅपमध्येही ‘5.1’ ऐवजी ‘स्टिरिओ’ निवडा. ‘नाइट मोड’ने लहान आवाज मोठे आणि मोठे लहान होतात, शेजारी सुखी होतात, पण शांतता आणि आघात यांच्यातलं अंतरच तर या सिनेमांचा प्राण असतो. त्यापेक्षा वायरचा हेडफोन लावा. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचू शकतो, आणि दार आधी आपटलं, आवाज मागून आला की दचका मेला.

चित्रासाठी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड घ्या, हालचाल गुळगुळीत करणारी सोय आणि ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ बंद करा. मग वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा लावा, पट्ट्या राखाडी दिसेपर्यंत ब्राइटनेस वाढवा आणि पुन्हा काळ्या होतील तिथपर्यंतच खाली आणा. त्याखाली नेलं तर अंधारात उभा असलेला माणूस चित्रातूनच पुसला जातो, आणि दिग्दर्शकाने नेमका तोच ठेवलेला असतो. चौकोन मात्र इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचे आहेत : डेटा वाचवताना सगळ्यात आधी काळे भाग कापले जातात. दर्जा ‘ऑटो’वर न ठेवता सर्वांत वरचा निवडून सिनेमा आधी डाउनलोड करा. टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा लावला तर उरलेले चौकोनही कमी जाणवतात.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. मोठ्या चुलतभावांनी बघितलेला भयपट त्यालाही बघायचा आहे.
– एक आई, टिळकनगर

उत्तर : आधी सर्टिफिकेट बघा. ‘ए’ असेल तर थिएटरात आई-बाबांबरोबरही 18 च्या खाली प्रवेश नाही, घरीही तोच निकष धरा. ‘यूए’मध्ये आता 7, 13 आणि 16 असे टप्पे आहेत, 7 चा टप्पा त्याच्यासाठी आहे. सिनेमा आधी तुम्ही एकट्याने बघा आणि घर, आई किंवा झोपण्याची खोली यांच्यावर भीती बेतलेली असेल तर तो ठेवून द्या. जंगलातला राक्षस या वयाला पेलतो, पलंगाखालचा नाही. दुपारी बघा, रिमोट त्याच्या हातात द्या, आवाज निम्मा ठेवा. मधूनच बंद केला तर ‘घाबरलास?’ हा शब्द कोणी काढायचा नाही, चुलतभावांनी तर मुळीच नाही.

रात्री वाईट स्वप्न पडलं तर दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच्याकडून ते चित्रात काढून घ्या आणि शेवट बदलायला सांगा. बदललेली गोष्ट झोपण्याआधी दोन-तीन दिवस त्यानेच तुम्हाला सांगायची. आणि खरं तर आजीच्या तोंडून ऐकलेली भुताची गोष्ट ही त्याची पहिली पायरी असावी, कारण तिच्यातलं भूत तो स्वतःला झेपेल एवढंच मोठं करतो.

प्रश्न : कोजागरीला गच्चीवर पंचवीस माणसं असतात, दहा वर्षांपासून सत्तरपर्यंत. भुताची गोष्ट सांगायची जबाबदारी माझ्यावर आहे.
– एक आजोबा, रामचंद्रनगर

उत्तर : गोष्ट बारा मिनिटांची ठेवा. मिनिटाला 110 शब्दांच्या संथ गतीने तेराशे शब्द होतात, वहीत पाच-सहा पानं. दूध वाटायच्या आधी सांगा, पेले-चमचे वाजू लागले की काही खरं नाही.

भूत रात्रीला शोभेल असं निवडा. कोजागरीला लख्ख चांदणं असतं, अंधाऱ्या कोपऱ्यातला खवीस तिथे फिका पडतो. चकवा मात्र चांदण्यातलाच : वाट स्वच्छ दिसते, माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे निघाला तिथेच उभा असतो. आपल्या प्रत्येक भुताला नियम आहेत. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो. गिऱ्हा पाण्यात असतो. समंधाची इच्छा अडकलेली असते. गोष्टीच्या पहिल्या तीन मिनिटांत तो नियम कोणाच्या तरी तोंडून सहज येऊ द्या, आणि शेवटी गोष्ट त्याच नियमावर संपवा. मध्येच भुताला नवी शक्ती दिली की ऐकणाऱ्यांचा विश्वास उडतो.

खोटं एकच असू द्या, ते भूत. बाकी रस्ता, बसची वेळ, पाऊस कुठल्या वर्षी कमी झाला, हे सगळं ऐकणाऱ्यांना पडताळून पाहता येईल असं हवं. शेवटचं वाक्य सांगून झालं की मनात पाच अंक मोजा, काही बोलू नका. ‘भॉक’ करू नका, त्याने बारा मिनिटांची भीती एका हशात जाते.

एक विनंती. डाकिणीची गोष्ट सांगणार असाल तर ती खऱ्या गावातल्या खऱ्या बाईवर बेतू नका. डाकीण ठरवून बायकांना मारहाण आजही या देशात होते.

प्रश्न : नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची जुनी पुस्तकं खजुरी बाजारातल्या रद्दीतून आणि नातेवाइकांकडून जमवली आहेत. पानं पिवळी पडून मोडतात, काहींना भोकं आहेत.
– एक संग्राहक

उत्तर : त्या काळच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, त्यामुळे तो आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो. हे थांबत नाही, फक्त लांबवता येतं. ऊन, ओल आणि धूळ टाळा. पावसाळ्यात बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. पुस्तकं भिंतीला टेकवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. भोकं म्हणजे कीड. पुस्तक दुहेरी प्लास्टिक पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर हवेतली ओल थंड कागदावर धरते. सेलोटेप कधीच नको, दहा वर्षांत तो तपकिरी डाग सोडून सुटतो. फाटलेल्या पानाला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ. लॅमिनेशन तर पुस्तकाचा शेवटच. बाइंडरकडे देताना मूळ मुखपृष्ठ आत बांधायला बजावून सांगा, संग्राहकाला अर्धा आनंद त्या चित्रात असतो.

प्रश्न : रात्री उशिरापर्यंत भयपट बघितल्यावर पहाटे जाग येते, हलता येत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. सिनेमे सोडून द्यावेत का?
– एक वाचक, नाव नको

उत्तर : सिनेमे सोडायची गरज नाही, वेळ बदला. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायूंना सैल करून ठेवतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून मोकळे होतात, त्या मधल्या काही क्षणांत हे होतं. अपुरी झोप, अनियमित वेळा आणि उताणं झोपणं याला निमंत्रण देतात. शनिवारी सिनेमा संध्याकाळी सातला लावा, कुशीवर झोपा. तसं झालंच तर आख्खं अंग हलवायची धडपड न करता पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा. आठवड्यातून अनेकदा होत असेल किंवा दिवसा अनावर झोप येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि आणखी एक, थंडी येते आहे म्हणून. घरात पावलांचे आवाज, कोणीतरी असल्याचा भास, सोबत डोकेदुखी आणि मळमळ, आणि बाहेर पडलं की बरं वाटणं, असं घरातल्या एकापेक्षा जास्त जणांना होत असेल तर आधी गॅस गीझर बघा. 1921 साली अमेरिकेत एका नेत्रतज्ज्ञाने अशाच पछाडलेल्या घराची हकीकत छापली होती. त्या घरातली भट्टी बिघडली होती आणि घरात कार्बन मोनॉक्साइड पसरत होता. या वायूला वास नाही, रंग नाही. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या, तोवर पाणी बादलीत काढा, गीझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा.